शुक्रवारची सही मंगळवारीच

मंगळवार, १२ ऑगस्ट

आज अकरावीला अमेरिकेतला मताधिकार शिकवला. कृष्णवर्णीयांना मतदानाचा हक्क कागदावर होता, पण नाव नोंदवायला गेले की कारकून भलतेसलते प्रश्न विचारून परत पाठवायचा. शीतलनं विचारलं, "मॅडम, मग ते गप बसले?" मी तोऱ्यात म्हणाले, "छे! पुन्हा पुन्हा त्याच रांगेत उभे राहिले."

संध्याकाळी ग्रामपंचायतीचे शिपाई गणपतमामा रजिस्टर घेऊन दारात. "ताई, शुक्रवारच्या ग्रामसभेची सही करा. तुमाला यायची तसदी नको."

दर वर्षी करते. आजही पेन हातात घेतलं होतं. मग शीतलचा प्रश्न आठवला. गप बसले? मला तर कुणी अडवलंसुद्धा नव्हतं, मीच घरबसल्या...

"मामा, सही मी शुक्रवारी तिथं येऊन करीन."

"तिथं समदी गडीमाणसंच असत्यात, ताई. बाया कुणी येत न्हाईत."

"म्हणूनच येते."

मामा पुटपुटत गेले. पण त्यांनी रजिस्टर मिटताना मी पाहिलं होतं. माझ्या रिकाम्या जागेच्या वरच्याच ओळीत शीतलच्या आईची सही होती.

उद्या शाळेआधी तिच्याकडे जाते. शुक्रवारी दोघी जाऊ, आणि पुढच्या रांगेत बसू.