ताईचे छत्तीस फोटो

३ जानेवारी
ऑनलाइन कोर्सला नाव घातलं. चित्रं, आवाज, व्हिडिओ असलेलं वेबपेज न दिसणाऱ्यालाही वापरता यावं, असं करायला शिकवतात. कारण ताईची नजर जातेय. डॉक्टर म्हणाले, फार तर जूनपर्यंत. ताईकडे आईचे छत्तीस फोटो होते, ते मेमरी कार्डासकट घेऊन आलो. प्रत्येक फोटोमागे वर्णन लिहायचं, कॉम्प्युटर ते वाचून दाखवणार. कोर्स तीन महिन्यांचा. मला एक पुरे.

९ जानेवारी
ताईचा फोन. दिसतंय तोवर फोटो एकदा नीट बघू दे म्हणाली, निदान आईचा छत्रीवाला तरी. म्हटलं, अर्धवट काम दाखवायची मला सवय नाही. बायको आतून म्हणाली, पुरं तरी कधी दाखवलंय?

२ फेब्रुवारी
पेज उघडताना ताईचं नाव गोल फिरत येतं. सात प्रकारे फिरवून पाहिलं. बायको म्हणते, नमनाला घडाभर तेल. कोर्सच्या मॅडम म्हणाल्या, आधी वर्णनं लिहा. मॅडमना कलेची दृष्टी कमी आहे.

१९ फेब्रुवारी
मागे बासरी टाकली. मॅडम म्हणाल्या, वाचणारा आवाज दबतो. आवाज वाढवला. दोन्हींचा.

८ मार्च
आजचा धडा : कॉन्ट्रास्ट. फिकटावर फिकट दिसत नाही. इतरांना पटायला वेळ लागला. मी छत्तीसही फोटो एका झटक्यात काळेपांढरे करून सेव्ह केले. मॅडम म्हणाल्या, अहो, तो नियम अक्षरांसाठी होता! मूळ फोटो ठेवलेत ना? म्हटलं, त्यांच्यावरच सेव्ह केलंय, कार्डावरच. जागा वाचली.
मॅडमचा कॅमेरा बंद झाला. नेटवर्क असावं.

२७ एप्रिल
ताई भिंग घेऊन स्वतःच आली. नेमकं पेज बंद पडलेलं. कार्ड तरी परत दे म्हणाली. म्हटलं, कामात आहे. चहा पिऊन भिंत चाचपत जिना उतरली. खाली सोडायला जायला हवं होतं. पण अपलोड चालू होतं.

३० मे
निश्चय. रोज सहा वर्णनं, सहा दिवसांत खेळ खलास. पहिल्या फोटोला लिहिलं : 'आई.' मग पुढे सुचेना.

११ जून
ताईचा फोन. आता नुसता उजेड कळतो म्हणाली. आवाज शांत होता. मला रडू आलं. दिवसभर काही केलं नाही. उद्यापासून झपाटून.

२ जुलै
पेज तयार! लॅपटॉप घेऊन ताईकडे. नाव फिरलं. बासरी वाजली. कॉम्प्युटर म्हणाला, आई. मग म्हणाला, चित्र. चित्र. चित्र. पस्तीस वेळा. तांत्रिक अडचण, वर्णनांच्या जागा रिकाम्या होत्या.
ताई हसली. म्हणाली, राहू दे, तूच सांग, छत्रीवाला आहे का? आहे, अकरावा. तिनं विचारलं, रंग कोणता रे छत्रीचा?
स्क्रीनवर छत्री करडी. निळी, म्हणून ठोकून दिलं.
ताई म्हणाली, बरं झालं विचारलं. मी इतके दिवस पिवळीच धरून बसले होते. आता निळी लक्षात ठेवीन.
पिवळीच असेल. मला खरंच आठवत नाही. तसं तिला सांगायला हवं.
उद्या सांगतो.