भादव्यात व्यालेली तांबी

पौष शु. २
दादा घाटनांदूरला गेला होता. तेवढ्यात त्याच्या गोठ्यातून तांबी माझ्याकडे आणली. आणली म्हणजे चौघांनी बाजेवर घालून उचलली, पायावर उभं राहायचं बळ तिच्यात उरलेलं नाही. गळ्यातलं दावं मांसात रुतलेलं. विळ्यानं कापलं तर कातडंच सोबत आलं. डाव्या कुशीला वीतभर जखम, आत किडे.

थोरल्या भावाच्या घरातून चोरी. लिहायला बरं वाटलं.

ही गाय भादव्यात व्याली, सूर्य सिंह राशीत असताना. अशी गाय अपशकुनी, दान करून टाकायची. पण दान घ्यायला कोणी पुढं येईना. पंधरा दिवसांत वहिनी तापानं गेल्या. त्या धांदलीत वासरूही उपाशी मेलं. तेव्हापासून दादा तिला आठवड्याला दोन पेंढ्या कडबा टाकतो, जीव जाऊ नये एवढाच. वर काठी. कुऱ्हाडीनं मारली तर गोहत्या, बांधून विसरली तर काही नाही. वा रे धर्म!

पौष शु. ३
आज मीच जवळजवळ मारली होती तिला. माया उतू गेली आणि पाटीभर ज्वारी शिजवून पुढं ठेवली. दुपारपर्यंत पोट टम्म. डोळे पांढरे. बांबूच्या नळकांड्यातून जवसाचं तेल ओतलं. माझी घरची तांबीचं पोट चोळत बसली आणि तोंडानं मला सोलत होती. "चार महिन्याच्या उपाशाला लग्नाचं जेवान घालतेत व्हय? अक्कल हाय का?"
नव्हती. दिवस मावळताना शेण पडलं. माझ्या लग्नातसुद्धा मी एवढा खुश नव्हतो. हे तिला सांगितलं नाही.

पौष शु. ४
दादा आला. हातात काठी.
"कावून हात लावला बे माज्या गायीला?"
"मरायली होती."
"मरू दे. माजं माणूस गेलं, अन् ही जगावी व्हय?"
तांबीच्या तोंडावर काठी उगारली. मी हात आडवा घातला. दोन बोटं मोडली, आवाज मला ऐकू आला. मग मी दगड उचलला. त्याचं कपाळ फुटलं. रक्त डोळ्यात गेलं तरी तो काठी फिरवतच होता, आंधळ्यागत. घरचीनं मधे पडून मला मागं ओढलं, नाहीतर दुसरा दगड हातात होताच. तो डोक्यातच घालणार होतो. खोटं कशाला लिहू.

पौष शु. १०
डाव्या हातानं लिहितोय. अक्षर कोंबडीच्या पायासारखं.
सीताफळीचा पाला वाटून जखमेत भरला. किडे भराभरा बाहेर. काडीनं एकेक काढून निखाऱ्यावर टाकले, तडतडले. बरं वाटलं.
पेज पातळ, दिवसातून चारदा. त्यात गुळाचा खडा. दर दोन तासांनी कूस बदलायची. घरची आणि मी, तीन हात.

पौष व. १२
पोटाखालून गोणपाट घालून वाशाला टांगली होती, आठ दिवस. आज गोणपाट सैल केलं. उभी राहिली! पाय लटपटत होते, पण उभी. माझा मोडका हात चाटला. मी रडलो, भडाभडा. घरचीनं पाहिलं आणि तोंड फिरवून तीही.

माघ शु. ११
आज लाज वाटावी असं झालं.
तांबी आता वैरण खाते, अंगावर मांस दिसायला लागलंय. घरची गोचिड काढत होती. जखमेला हात लागला असेल, तांबीनं लाथ झाडली. घरचीच्या छातीवर बसली. ती खाली पडली, श्वास घेता येईना. मला काय झालं कळलं नाही. खुंटा उपटला आणि तांबीला हाणला. एक. दोन. तीन. पाठीवर, तोंडावर. ती मागं सरकेना, नुसती मान खाली घालून उभी. मारायची सवय झालेलं जनावर.
दोन घरांमधल्या भिंतीवरून दादा बघत होता. हसला नाही. एवढंच म्हणाला, "बापाचा हात हाय. दोगात बी उतरला."
घरची बोलते आहे. छाती दुखते म्हणते. माझ्याकडे बघत नाही.

माघ व. ४
दादानं चावडीवर तक्रार नेली. गाय चालायला लागली, आता हक्क आठवला.
पाटील म्हणाले, "तुमी दोगं भाऊ एकमेकाचे मुडदे पाडताल. गायीलाच इचारू."
म्हणजे आमच्या गावची जुनी रीत. गाय वेशीत मोकळी सोडायची. हाक मारायची नाही, वैरण दाखवायची नाही. ज्याच्या दारात शिरेल त्याची. मी लगेच हो म्हणालो. दीड महिना माझ्या हातचं खातेय! घरची म्हणाली, "लई घाई केली तुमी." तिला काय कळतंय, म्हणालो.

माघ व. ७
सगळं गाव वेशीत. सोडली.
माझ्या दारापाशी आली. थांबली. उंबरा हुंगला. मग वळली आणि सरळ दादाच्या गोठ्यात गेली. तिथंच जन्मली, तिथंच व्याली. तिचं घर ते. तिला मारणारा कोण, चारणारा कोण, याच्याशी तिला काय. एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती.
मी कुऱ्हाड घेऊन धावलो. कोणावर, गायीवर की दादावर, आत्ताही सांगता येत नाही. सहा जणांनी धरलं. एकाचा दात पाडला. पाटलांनी कानफटात दिली. "गायीनं निकाल दिला हाय. गप ऱ्हा."
जिंकूनही दादाचं तोंड पांढरंफटक होतं.

माघ व. १०
तीन दिवस भिंतीपलीकडून मारल्याचा आवाज नाही. हंबरल्याचाही नाही. आवाज आला असता तर बरं झालं असतं, जाऊन त्याचं डोकं फोडलं असतं.
आज उजाडताच दादा अंगणात. कपाळावर माझ्या दगडाची खूण. हातात पाटी, भरलेली.
"किसन, तीन दिस झाले, तोंड लावंना. माजा हात दिसला की थरथरती. काय घालत व्हतास? कसं घालत व्हतास?"
सांगितलं तर ती कायमची त्याची. नाही सांगितलं तर पुन्हा बाजेवर, आणि या वेळी उठायची नाही. आणि त्याचा हा हात, तो पुन्हा उठणार नाही कशावरून? माझा उठला नाही का?
"पाया पडू व्हय बे तुज्या?" म्हणाला, ओरडूनच. शिवी दिल्यासारखं.
घरची दारात उभी, माझ्याकडे बघतेय. मी खुंटा उपटला त्या दिवसानंतर पहिल्यांदा.
आत येऊन हे लिहायला बसलो. दादा अजून गेलेला नाही.