आजारी पडण्याची तयारी

प्रिय ठकू,

दर रविवारी फोनवर बोलतोच, तरी हे पत्र लिहायला बसलो आहे. फोनवर तू आधी माझा दम ऐकतेस आणि मग बोलणं. शिवाय तुझी आई शेजारच्या खोलीत असली की तिचं कौतुक मोठ्याने करता येत नाही. तिला ते ऐकायची सवय नाही आणि मला करायची नाही.

निघायच्या आदल्या दिवशी तुझं आणि आईचं जे झालं, त्याला आता दीड वर्ष होईल. तू डॉक्टर, तुझं म्हणणं रास्तच होतं. पंचेचाळीस वर्षं सुतारकामाचा भुसा खाल्लेली माझी फुप्फुसं, तिची साखर, आणि आम्ही निघालो परक्या देशात, का तर समुद्राकाठची हवा चांगली. तू एकामागून एक प्रश्न टाकलेस. दम लागला तर कुठे जाल? ही औषधं तिथे मिळतात का? काय होतंय ते कुठल्या भाषेत सांगाल? आईकडे एकाचंही उत्तर नव्हतं. ती म्हणाली, आम्ही काही कुक्कुली बाळं नाही. तू चप्पल घालून निघून गेलीस आणि तेव्हापासून तुम्ही दोघी माझ्या तोंडून बोलता. 'आईला सांगा', 'तिला विचारा'. मी निरोप्या.

इथे आल्यावर मी निवांत होतो. विम्याचा माणूस घरी आला, गुळगुळीत पुस्तिकेवरचे म्हातारा-म्हातारी इतके खुशीत हसत होते की मी पेन काढलं. आईने ते माझ्या हातातून काढून घेतलं. चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेली बाई ती. तिने अटींची इंग्रजी प्रत मागवली आणि बारीक अक्षरातली साठ पानं, ओळीखाली पट्टी धरून, तीन दिवस वाचली. तो पुन्हा आला तेव्हा त्याच्यापुढे चहा ठेवून शांतपणे म्हणाली, "साहेब, तुमचं कलम नऊ आणि कलम एकवीस एकमेकांशी भांडताहेत. आजारी पडल्यावर आम्ही कुणाचं ऐकायचं?" नववं म्हणत होतं, सगळे आजार धरले आहेत. एकविसावं म्हणत होतं, आधीपासूनचे आजार पहिली दोन वर्षं वगळून. म्हणजे माझी फुप्फुसं आणि तिची साखर सोडून बाकी सगळं. आम्हाला बाकी काही होतच नाही. त्याने चहा संपवला आणि पुस्तिका उचलून निघाला.

मग ती स्वतःच कामाला लागली. रहिवासाचं कार्ड मिळाल्यापासून ठरावीक मुदतीत नाव नोंदवलं तर इथली सरकारी योजना आमच्यासारख्यांनाही घेते आणि जुने आजारही धरते, हे तिने शोधून काढलं. त्यासाठी त्या कचेरीत चार खेपा घातल्या. दर वेळी एक कागद कमी पडायचा. चौथ्या खेपेला खिडकीतल्या बाईंनी शिक्का मारला आणि उठून तिच्याशी हात मिळवला. ही योजना रोजच्या दुखण्याला, आणि तिच्यात न बसणाऱ्या खर्चासाठी वेगळी लहान पॉलिसी, असं तिने ठरवलं. त्याआधी इथल्या दोन्ही हॉस्पिटलांत ती एकेक सकाळ नुसती बाकावर बसून आली. मी विचारलं, काय बघितलंस? म्हणाली, म्हाताऱ्यांशी कसे बोलतात ते.

दम लागला की मी ओढतो तो औषधाचा फवारा इथे दुसऱ्या नावाने मिळतो. एक गोळी मिळतच नाही, ती तिने जुना साठा संपायच्या आत डॉक्टरांकडून बदलून घेतली. आणि भाषा. स्वयंपाकघराच्या भिंतीवर तिने कागद चिकटवला होता. ठणकतं, सलतं, कळ येते, चमक भरते, जीव घाबरतो. प्रत्येकापुढे इथला शब्द. आपल्या दुखण्यांना इथे पुरेसे शब्दच नाहीत अशी तिची तक्रार आहे. एकदा तर तिने मला धडधाकट असताना हॉस्पिटलपर्यंत नेऊन आणलं, कुठलं दार किती वाजता उघडं असतं ते बघायला. मी वाटभर तिची चेष्टा केली.

आता जे लिहितोय ते वाचून घाबरू नकोस, मी बरा आहे. गेल्या महिन्यात एका सकाळी दाढी करताना मला श्वासच मिळेना. आरशात ओठ निळे दिसले. मी खाली बसलो. आईने फोन लावला, पत्ता, वय, काय होतंय ते इथल्या भाषेत एकदाच आणि स्वच्छ सांगितलं, आधीच तयार करून ठेवलेली फाइल उचलली आणि गाडी येईपर्यंत माझी पाठ धरून बसली. हॉस्पिटलात डॉक्टरांनी फाइलचं पहिलंच पान वाचलं. आजार, औषधं, कुठलं इंजेक्शन चालत नाही, सगळं त्यांच्या भाषेत. चार दिवसांनी घरी सोडताना त्यांनी विचारलं, हे कुणी तयार केलं, तुमच्या घरात कुणी डॉक्टर आहे का? आई म्हणाली, "मुलगी आहे. तिने जे जे विचारलं होतं, त्याची उत्तरं लिहून काढली, एवढंच."

ठकू, मी तिथे पलंगावर बसून बुटाची नाडी बांधत होतो. मला वर बघवेना. तू चिडून टाकलेला एकेक प्रश्न तिने तू गेल्यावर लिहून ठेवला होता, हे दीड वर्ष तिच्यासोबत राहून मलाही माहीत नव्हतं.

तुला फोनवर हे सांगितलं नाही, कारण तिने तशी शपथ घातली होती. ती आज मोडतो आहे, आणि त्याचं कारण सोबत जोडलेला फॉर्म. आम्ही दोघंही बोलू शकलो नाही तर आमच्या उपचारांचा निर्णय कुणी घ्यायचा, ते त्यात लिहायचं असतं. बाकी सगळे रकाने आईने भरले आहेत, तो एक चार महिने कोरा आहे. मी कितीदा म्हणालो, ठकूचं नाव घालू या. ती म्हणते, तिला न विचारता कसं घालायचं? आणि विचारायचा धीर तिला होत नाही. साठ पानी कलमांना न घाबरणारी बाई तुला एक फोन करायला घाबरते. तेव्हा मी विचारतो आहे. कबूल असेल तर सही कर, पण फॉर्म मला पाठवू नकोस. आईच्या नावाने पाठव, आणि आधी तिला फोन करून सांग. मी तेवढा वेळ समुद्रावर फिरून येईन.

तुझाच, आणि यापुढे निरोप न पोचवणारा,
बाबा