पाजणीची पट्टी विकायची नाही

मी, अनुसया नत्थूजी हेडाऊ, वय पासष्ट, धंदा हातमागावर विणकाम आणि सभांतून भाषणे, राहणार तांडापेठ, नागपूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. शरीराबद्दल तसे म्हणता येत नाही. हृदय दुबळे झाले म्हणून डॉक्टरांनी भाषणे बंद केली आहेत. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपणाखाली मी काही केल्याचे उदाहरण कोणाला ठाऊक असेल, तर त्याने खुशाल कोर्टात जाऊन सांगावे.

लिहिण्याचे कारण एकच. माझ्या मागे पाजणीची पट्टी विकण्याचा शब्द माझा एकुलता मुलगा ओमप्रकाश याने लकडगंजातल्या एका लाकूड व्यापाऱ्याला दिला आहे. तो शब्द मोडावा म्हणून हे मृत्युपत्र आहे. बाकीचे ओघाने येईल.

१. पाजणीची पट्टी म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाची लांबट मोकळी जागा, तिच्यावरची कडुनिंबाची झाडे आणि विहीर. माझे वडील ईश्वरदासजी यांनी ती मला बक्षीसपत्राने दिली, म्हणून तिच्यावर माझ्याखेरीज कोणाचा हक्क नाही. विणण्याआधी ताण्याच्या, म्हणजे उभ्या, सुताला पिठाची खळ पाजावी लागते. ते काम गल्लीतली सगळी घरे याच पट्टीवर करतात, कारण खळ लावलेले सूत कडक उन्हात धरले तर ताडकन तुटते. त्याला सावली लागते. नागपूरच्या उन्हाळ्यात माणसालाही लागते, हे पुढाऱ्यांना कळायला पंखे बंद पडावे लागतात.

मी पुष्कळ वाचले आहे. कोळशाच्या धुराने सारी पृथ्वी हळूहळू तापत जाईल, असे शास्त्रज्ञ लिहू लागले आहेत. हिमालयाकडच्या बायांनी झाडांना मिठ्या मारून कुऱ्हाडी परतवल्या, हेही मी वाचले आणि चौकाचौकात सांगितले. पण गेल्या मे महिन्यात आमच्या गल्लीने जे केले, ते मी शिकवलेले नव्हते. मी तेव्हा उमरेडला विणकरांच्या सभेत बोलत होते.

ती संधी साधून ओमप्रकाशने व्यापाऱ्याला बोलावले. झाडे तोडायला करवत, दोरखंड घेऊन माणसे आली. त्यांची बैलबंडी हाकणारा कवडू हा कोष्ट्याचाच मुलगा. पट्टीवर मारोतराव पौनीकरांचा ताणा पसरलेला होता. आमच्यात खळ ओली असताना ताणा कोणी ओलांडत नाही. वरातसुद्धा वळसा घालून जाते. माझी शेजारीण देवकी हिने तो ताणा उचलून झाडाझाडाला वेढून बांधला आणि बायांना खळ लावायचे कुंचे दिले. पुढचे बोलणे मला तिनेच सांगितले.

कवडू म्हणाला, "मावशी, ताणा उचला वं. मालक बोंबलून राहिला."

"कसा उचलू? तुले दिसत नाही काय, खळ ओली हाय."

"मंग वाळली का सांगा."

"सांगतो न. बस तू सावलीत. पानी पे."

कवडू बसला, विहिरीचे पाणी प्याला, आणि बाया दिवसभर खळ लावत राहिल्या. व्यापारी ओरडला, "अरे, धागाच तर आहे, जा पलीकडे!" तेव्हा कवडूने वहाणा काढून हातात घेतल्या आणि म्हणाला, "शेटजी, तुम्ही जा. माही माय अजून जिती हाय, मले घरी जा लागते." शेटजी गेले ते आपल्या दुकानाकडेच.

मी संध्याकाळच्या मोटारीने परतले तेव्हा ताणा ओलाच होता. आयुष्यभर मी भाषणे दिली. एकाही भाषणाने करवत परत गेलेली मी पाहिली नव्हती. मी नसताना ज्यांनी पट्टी राखली, ते मी मेल्यावरही राखतील. म्हणून पाजणीची पट्टी, झाडे व विहिरीसह, मी गल्लीतल्या घरांनी नेमायच्या मंडळाला देते. मंडळात निम्म्या बाया असाव्यात आणि पहिली प्रमुख देवकी असावी. अटी अशा: जमीन विकू नये, गहाण टाकू नये. वाळलेल्या झाडाच्या जागी नवे लावावे. रंगाचे पाणी विहिरीजवळ ओतू नये. दर उन्हाळ्याआधी सगळ्यांनी मिळून विहीर उपसावी, आणि उपसायला जो येईल त्याला जात विचारू नये. पाणी भरायला येणाऱ्यालाही विचारू नये. नळ कोरडे पडले तेव्हा हीच विहीर आपल्याला पुरली, आणि तिने कोणाला विचारले नव्हते.

२. माझा माग, धोटे आणि शिल्लक सूत मारोतराव पौनीकर यांना द्यावे. त्या दिवशी त्यांचा ताणा वाया गेला. ते मला म्हणाले, "अनुसयाबाई, तुमच्या बायांनी माह्या सुताची सुतळी केली. आता याच्यानं बैल बांधतो मी." बैल त्यांच्याकडे नाही. माग चांगला आहे.

३. पोस्टातली शिल्लक विहिरीचा कठडा बांधायला वापरावी. माझ्या नावाचा दगड बसवू नये.

४. पुस्तके सून पुष्पलता हिला. ती माझ्या पेटीतून पुस्तके नेते आणि पिठाच्या डब्यामागे ठेवते, हे मला ठाऊक आहे. आता उजेडात बसून वाचावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. तिला हे सांगितले तेव्हा ती घाबरली. "मले काहून गुंतवता, आत्याबाई?" म्हणाली. मी म्हटले, "या घरात नाही म्हनता येते फक्त तुले. मीठ कमी पडलं तं तू आजवर एकदाही माफी मागितली नाही." ती हसली आणि कबूल झाली.

५. विणकरांच्या अधिवेशनात माझ्या हातातून ध्वनिक्षेपक काढून घेणारे आमच्या समाजाचे माजी अध्यक्ष यांना मी क्षमा केलेली नाही. त्यांनी माझ्या शोकसभेला जरूर यावे. बोलू नये.

६. राहते घर ओमप्रकाशला. तो वाईट मुलगा नाही. हातमाग बसत चालला, त्याला यंत्रमाग टाकायचे आहेत, आणि पट्टीच्या जागेत ते मावतील असे त्याला वाटते. तो म्हणाला, "आई, सावलीनं पोट भरते काय?" मी म्हटले, "अन् उन्हानं भरते काय गा?" नुसत्या सावलीने पोट भरत नाही, हे मलाही ठाऊक आहे. यंत्रमाग त्याने घराच्या मागच्या अंगणात टाकावेत. माझी हरकत नाही.

घर मात्र एका अटीवर. माझ्या तेरवीला जेवणावळ घालू नये. पट्टीवर सतरंज्या अंथराव्यात, गल्ली आणि तो व्यापारी दोघांना बोलवावे, आणि हे मृत्युपत्र ओमप्रकाशने उभे राहून सर्वांसमोर वाचावे. वकिलाने नाही, पुष्पलताने नाही. त्याने न वाचल्यास घर पुष्पलताचे होईल. तोही तेथेच राहील, फक्त बायकोच्या घरात राहील.

पट्टी विकण्याचा शब्द त्याने एकट्याने, बंद दाराआड दिला. न विकण्याचा शब्द त्याच्या तोंडून सगळ्या गल्लीने ऐकावा. माझी भाषणे बंद झाली आहेत, तेव्हा हे शेवटचे भाषण माझ्या मुलाने करावे.

ओमप्रकाश, तू इथवर आला असशील तर अर्धे काम झाले. खाली बघू नकोस. "पाजणीची पट्टी विकायची नाही" एवढे वाक्य पुन्हा एकदा वाच, आणि मोठ्याने वाच. मागे बाया बसल्या आहेत.

हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने लिहिले, पुन्हा वाचले आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांसमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

सही: अनुसया नत्थूजी हेडाऊ

साक्षीदार:
१. डॉ. शरच्चंद्र वामन देवपुजारी, राहणार महाल, नागपूर. लिहून देणारीची बुद्धी मी तपासली आहे. ती शाबूत आहे.
२. इंदूबाई गणपतराव बारापात्रे, शिक्षिका, राहणार तांडापेठ, नागपूर

स्थळ: नागपूर
दिनांक: ११ फेब्रुवारी १९८४