मळक्या कपड्यांतलं बाळंतपण

सोमवार, ६ फेब्रुवारी

व्याली! आणि कुठे, तर मळक्या कपड्यांच्या ढिगात! सकाळी लॉन्ड्रीचं शटर उघडलं, धुण्याचे कपडे वेगळे करायला हात घातला, तर काहीतरी ओलं, गरम हाताला लागलं. किंचाळलेच मी. मॅडमनं मान वर करून असं बघितलं, जशी काही मीच तिच्या खोलीत न विचारता शिरले होते.

चार पिल्लं. गिऱ्हाइकाच्या पांढऱ्याशुभ्र चादरीवर!

हे नुसते हसले. ‘‘बाईंनी जागा मात्र बघून निवडली.’’ मॅडम हे नाव यांनीच ठेवलेलं. आहे रस्त्यावरची कुत्री, पण पायरीवर बसते ती मालकीण असल्यासारखी. मागचं दार नीट लागत नाही, तिथूनच आत आली असणार.

मंगळवार, ७ फेब्रुवारी

खोकं आणलं. आत इस्त्रीखालून काढलेली जुनी चादर घातली, अजून कोमट होती. चारही पिल्लं त्यात ठेवली. मॅडमनं एकेक तोंडात धरून परत ढिगात नेलं. मी परत खोक्यात. ती परत ढिगात. शेवटी दमली बिचारी, खोक्यातच आडवी झाली. जिंकले मी!

मग काम सोडून बघत बसले. पाजताना डोळे मिटते, कान मात्र उभे. प्रत्येकाला उलटं करून पोट चाटते. हे म्हणतात, तिनं चाटल्याशिवाय पिल्लांना शूसुद्धा होत नाही. खायला ठेवलं तर उठेना. ताटली तोंडाशी धरली तेव्हा चार घोट दूध प्यायली. प्यायलीही कशी, तर एक पंजा पिल्लांवर ठेवून.

बुधवार, ८ फेब्रुवारी

चादर बदलली. मळलं की धुवायचं, आमच्या धंद्यात दुसरा नियमच नाही.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

आज चुकलंच माझं.

सगळ्यांत लहान पिल्लू — मी तिला चिंधी म्हणते — घाणीत बरबटलं होतं. कोमट पाण्यात साबणाचा फेस केला, स्वच्छ धुतलं, पुसून कोरडं केलं आणि आईपुढे ठेवलं. मॅडमनं हुंगलं आणि नाकानं बाजूला सारलं! परत ठेवलं. परत सारलं. बाकीची तिघं लुचताहेत आणि चिंधी नुसती मान हलवत तोंडानं शोधतेय.

हे कधी आवाज चढवत नाहीत, आज चढवला. ‘‘अगं, ती बाळंतीण आहे, गिऱ्हाईक नाही! रोज चादर धुतेस, आता पोरही धुतलंस. तिनं ओळखायचं कशावरून?’’

काल काढलेली चादर नशिबानं भिजवायची राहिली होती. तीच आणली, चिंधीला तिच्यात चांगलं घोळवलं. धुतलेलं मुद्दाम मळवायची ही पहिलीच वेळ! मॅडमनं हुंगलं. खूप वेळ हुंगलं. मग चाटायला लागली.

मी फरशीवर बसून रडले. साड्या न्यायला आलेली मास्तरीण दारातच थबकली. ‘‘काय झालं हो?’’

‘‘काही नाही. प्यायली.’’

शुक्रवार, १० फेब्रुवारी

चादर तशीच ठेवली. वास मारतोय. मारू दे!

चिंधी पितेय, पण थोडंच. इतर तिला तुडवून पुढे जातात. मॅडमचं चित्त थाऱ्यावर नाही. उठते, मागच्या दारापर्यंत जाते, परत येते. मी जवळ गेले की पिल्लांवर अंग टाकते. पूर्वी माझ्या पायांवर डोकं ठेवून झोपायची. विश्वास उडाला तिचा.

शनिवार, ११ फेब्रुवारी, दुपार

शटर उघडलं तर तीन पिल्लं नाहीत! मॅडम नाही. खोक्यात एकटी चिंधी, गार पडत चाललेली. गल्ली पालथी घातली, कचराकुंडीमागे, गोदामाच्या पत्र्याखाली — कुठे कुठे नाही. परत आले तर दुकानात ही गर्दी! पाय ठेवायला जागा नाही.

‘‘जरा थांब, येईल ती,’’ हे म्हणाले.

कशाला थांबायचं? टाकून गेली ती. कुणामुळे गेली, तेही मला ठाऊक आहे! चिंधीला पदरात गुंडाळलं आणि जनावरांच्या डॉक्टरांकडे धावले.

डॉक्टर म्हणाले, ‘‘उपाशी राहिली तर संध्याकाळ काढायची नाही. माझ्या बहिणीची कुत्री नुकतीच व्यालीय, ती घेईल. मी आत्ताच तिच्या गावी निघालोय. पण बघा हं, एकदा तिथे रुळली की परत आणायची नाही.’’

हो म्हटलं. क्षणाचाही विचार केला नाही. गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत उभी होते. जीव तर वाचला, म्हटलं.

शनिवार, संध्याकाळ

गर्दी ओसरली आणि मॅडम आली. चौथं न्यायला.

खोकं हुंगलं. ढीग उकरला. मग माझा पदर हुंगला आणि शेपूट हलवायला लागली. समोर बसलीय, मी देईन म्हणून.