ठमीचा पहिला टेक

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा लग्नांचं शूटिंग, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहितो आहे. पत्नी शेजारी बसून मान हलवते आहे, पण त्याला दडपण म्हणत नाहीत असं वकीलबाईंचं मत पडलं. गिऱ्हाइकं मला 'रिटेककाका' म्हणतात. यापूर्वी मृत्युपत्र केलेलं नाही, तेव्हा रद्द करण्यासारखं काही नाही.

कलम १. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीला. तिच्या पश्चात आमच्या एकुलत्या एका मुलीला, म्हणजे ठमीला. माझी लाल खुर्ची पत्नीने लगेच भंगारात काढू नये. निदान महिनाभर थांबावं.

कलम २. दोन्ही कॅमेरे, दिवे आणि स्टँड माझ्या लाईटवाल्याला. एकतीस वर्षं त्याने माझं सगळं ऐकलं. एकदाच ऐकलं नाही, ते पुढे येईल.

कलम ३. ड्रोन भाच्याला. वर गेलेली वस्तू खाली कशी आणायची, हे त्याने आधी शिकून घ्यावं. मागच्या खेपेला ड्रोन थेट केकमध्ये उतरला. हाही कार्यक्रमातलाच भाग असेल असं समजून नवरीकडच्यांनी टाळ्या वाजवल्या.

कलम ४. धुराचं यंत्र इव्हेंटवाल्याला. नवरानवरीने ढगांतून चालत यायचं, ही कल्पना माझी. त्या पठ्ठ्याने ती स्वतःच्या नावावर खपवली आणि वर मलाच शिकवली. यंत्र गळतं. हे त्याला सांगू नये.

कलम ५. कपाटातल्या हार्ड डिस्कवर चारशेच्या वर लग्नं आहेत. ज्याची त्याला द्यावीत, पण दोघं अजून एकत्र आहेत ना, याची आधी आडून चौकशी करावी. एका जोडप्याचं लग्नाआधीचं शूटिंग आम्ही अकरा दिवस केलं. तळं, घोडा, उसनी मोटार, पाच पोशाख. संसार त्याहून थोडाच जास्त चालला. हसायला येतं खरं, पण त्या मुलीला घोड्यावर तिसऱ्यांदा चढवणारा मीच होतो. 'ताई, याला आयुष्यात पहिल्यांदाच बघताय, असं बघा,' असं मी सांगायचो, आणि ती बिचारी बघायची.

कलम ६. आता मुख्य. चार वर्षांपूर्वी ठमीचं लग्न झालं. जन्मभर लोकांच्या लग्नांत नाचलेला मी, घरच्या कार्यात मागे राहतो होय! चार कॅमेरे लावले (दोन भाड्याचे), क्रेन आणली. निघताना ठमी धावत आली आणि माझ्या गळ्यात पडून हमसाहमशी रडायला लागली. 'बाबा, औषधं वेळेवर घ्या हो,' म्हणाली. आणि मी, देवा रे, तिच्या पाठीवरचा हात काढला, लाईटवाल्याला खूण केली आणि म्हणालो, 'चेहरा अंधारात गेला. ठमे, गाडीपासून परत ये, पुन्हा एकदा घेऊ.'

लाईटवाला म्हणाला, 'साहेब, आलंय की हो!'

मी म्हणालो, 'तू गप रे.'

ती गाडीपर्यंत गेली आणि परत आली. बरोबर उजेडात थांबली, मान कलती, डोळ्यांत एकच थेंब, अगदी अल्बमच्या पहिल्या पानाजोगं. मग माझ्या कानाशी म्हणाली, 'आता बरोबर आलं का, सर?' तेव्हापासून फोनवर ती माझ्याशी दोनच शब्द बोलते. 'आईला द्या.'

माफी मागायचा प्रयत्न मी केला. कॅमेऱ्यासमोर बसून नऊ टेक घेतले. नवव्यात रडू छान आलं, म्हणून तोच आधी पुसला.

लग्नातला पहिला टेकही मी पुसायला सांगितला होता. लाईटवाल्याने तो जपून ठेवला, हेच त्याचं न ऐकणं. तो टेक आहे तसा, अंधारलेला, माझ्या आवाजासकट, माझ्या मरणानंतर ठमीला द्यावा, असं इथे कच्च्या मसुद्यात लिहिलं होतं. ते वाचून पत्नी म्हणाली, 'मेल्यावर माफी मागणार? कमाल आहे बाई या माणसाची! जिवंतपणी काय जीभ झडते?' म्हणून 'माझ्या मरणानंतर' हे शब्द खोडले आहेत. लाईटवाला मंगळवारी जाऊन देऊन आला.

कलम ७. माझ्या अंत्यविधीचं शूटिंग करू नये. कोणाला रडू आलं तर येऊ द्यावं. नाही आलं तर कुठे उभं राहून रडायचं ते सांगू नये.

कलम ८ (ऐन सहीच्या वेळी हाताने लिहिलेलं). साक्षीदार जमले, पेन हातात घेतलं आणि फोन वाजला. मी सवयीने म्हणालो, 'थांब हं, आईला देतो.'

ठमी म्हणाली, 'नको. आईला नका देऊ.'

मग तिने विचारलं, 'बाबा, औषधं घेताय ना वेळेवर?'

घेतो म्हणालो. खोटं बोललो, पण आजपासून घेईन.

सही खाली आहे. वाकडी आली आहे, शेवटचं अक्षर रेघेच्या खाली घसरलं आहे. वकीलबाई म्हणाल्या, 'काका, पुन्हा एकदा करा.' मी नाही म्हणालो.

ठिकाण: आमचं जेवणाचं टेबल
दिनांक: शनिवार, महिन्याची बारा तारीख
सही: (वाकडी, पण माझीच)

साक्षीदार:
१. खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर
२. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई

मृत्युपत्र करणाऱ्याने आम्हा दोघांच्या समक्ष सही केली. एकदाच.