तीन नंबरची हजेरी

३ फेब्रुवारी
कोल्हारला पोचले. प्रवरेकाठी हवेशीर खोली मिळालीय, खाली रसवंती. शीतगृहात वाटाणा आणि मका गोठवून ठेवतात. हजेरीचं यंत्र, दारांची कुलपं, थंडीचं नियंत्रण, तिन्हींची सॉफ्टवेअर वेगवेगळ्या कंपन्यांची, एकमेकांशी अबोला धरून बसलेली. त्यांना एका प्लॅटफॉर्मवर आणून बोलतं करायचं, हे माझं काम. मॅनेजर राधाकृष्ण सरांनी आल्या आल्या भेळ खाऊ घातली. इथं माझं छान जमणार.

१० फेब्रुवारी
जोडणी झाली. खोलीत माणूस असेल तर दार लॉक होणार नाही, असा नियम घातला. सगळं सुरळीत, फक्त तीन नंबरच्या खोलीचं दार लॉक होईना. स्क्रीनवर आत एकजण असल्याची नोंद. नाव कल्याण. मी आत जाऊन पाहिलं. कुणी नव्हतं.

११ फेब्रुवारी
वाटाणा निवडणाऱ्या भीमाबाईंना विचारलं. कल्याण त्यांचा मुलगा. मागच्या वर्षी तीन नंबरमध्ये कोंडला गेला आणि गेलाच. तो आत असल्याचं हजेरीच्या यंत्राला माहीत होतं, कुलपाला नव्हतं. मग भीमाबाई म्हणाल्या, "ताई, तो आत हाय म्हनतंय ना मशीन? मग ऱ्हाऊ द्या. दार तेवढं लावू नका."

१३ फेब्रुवारी
लॉक नसल्यानं दार घट्ट बसेना, माल विरघळायला लागला. सरांनी ते नाव काढायला सांगितलं. काढलं. चहा घेऊन आले तर पुन्हा आलेलं. पुन्हा काढलं. नोंद जुनी असेल म्हणावं, तर वेळ आत्ताची पडतेय.

१४ फेब्रुवारी
शेवटी सिस्टीमला सांगून टाकलं, तीन नंबर कायम रिकामी धर. दार लॉक झालं. भीमाबाई दाराला हात लावून उभ्या राहिल्या, सुट्टी होईपर्यंत.

१५ फेब्रुवारी
आतून ठोठावल्यासारखं. सर म्हणाले, कॉम्प्रेसर असेल. कॉम्प्रेसर मध्येच थांबून कानोसा घेत नाही –

१७ फेब्रुवारी
भीमाबाई आल्या नाहीत. बाकीचे जेवायला गेलेत. ठोठावणं चालूच. आता कण्हणंही. खरंच कुणी अडकलं असेल तर – ॲपवरून कुलूप काढून बघते.

१७, मोबाईलवर
आत कुणी नाही. दार मागं लागलं. आतली मूठ बर्फानं धरलीय. रेंज जाण्याआधी ॲपवर एवढंच दिसलं – तीन नंबर, रिकामी. मीच तसं –

बोटं वळत नाहीत. दोन्ही हातांनी ठोठावलं. दमले, थांबले.

ठोठावणं थांबलं नाही. माझ्या खांद्याशेजारी –